भरलेला हात

आमच्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसची सहकुटुंब सहल लाँचने निघालेली. मध्ये एका कोळीवाड्याला तासभर थांबलो. एक कोळीण जवळा वाळत घालत होती. डाव्या हातात हिरव्या बांगड्या, उजवा मात्र मोकळा. फुटल्या असतील असं वाटून माझी बायको आपल्याच दोन काढून तिला देऊ लागली.

ती हसली. “नको गो बाय. या हातच्या लग्नातच दर्याला दिल्या. घरधन्याला सांभाल म्हनून.”

“मग सांभाळतो ना?” मी थट्टेने विचारलं.

जाळं विणत बसलेल्या तरण्या लेकीकडे तिने पाहिलं. “ही पालन्यात होती तवा गेलाय. यायचाय अजून.”

लाँच सुटताना तिने हात हलवला. डावा.