डोंबिवलीतला निळा सिग्नल

बाबांच्या नखांकडे बघितलं की कंपनीत त्या आठवड्यात कुठला रंग चाललाय ते आम्हाला घरात कळायचं. डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला, एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत ते ऑपरेटर होते. कापडाला लागणारे रंग बनायचे तिथे. लाल बॅच असली की नखांच्या कडा लाल, निळी असली की निळ्या. आई लिंबाची सालं बाजूला काढून ठेवायची. बाबा ती नखांवर घासत बसायचे आणि म्हणायचे, "जाऊ दे गं, उद्या परत तेच."

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. बीएस्सी, फिजिक्स. नंतर कॉम्प्युटरचा कोर्स. हे मी आजही कोणी विचारलं नाही तरी सांगते. नव्वदीच्या मध्यावर मला ठाण्याला एका छोट्या कंपनीत नोकरी लागली, पण ती पक्की नव्हती. साहेब म्हणाले होते, तीन महिने बघू. तीन महिने झाले, तर म्हणाले, अजून थोडं बघू.

इकडे बाबांच्या मॅनेजरला कळलं की ऑपरेटरची मुलगी बीएस्सी झालीय. त्याने बाबांना बोलावून सांगितलं, "लॅबमध्ये जागा आहे. तिला आणा. पण दसऱ्यापर्यंत काय ते सांगा."

आईला हे फार पटलं. "घरापासून चालत जाशील. रोज ठाण्याची तंगडतोड कशाला? आणि तो तुझा साहेब अजून बघतोच आहे."

 मी पाणी द्यायला गेले तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "बाय, माझ्याच गेटातून आत जायचं होतं तर शिकलीस कशाला एवढी?" पण मॅनेजरला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. कसं म्हणणार? ठाण्याचं काही खरं नव्हतं.

ठाण्याचं आमचं ऑफिस एका इंडस्ट्रियल गाळ्याच्या माळ्यावर होतं. खाली स्प्रिंगा बनायच्या, वर आम्ही मुलांसाठी कॉम्प्युटरचे गेम बनवायचो. आम्ही म्हणजे साहेब, पुण्याच्या एक मॅडम आणि मी. त्या वर्षी डोंबिवलीच्या एका शाळेचं काम मिळालं होतं. गेम साधा होता. मुलाने रिक्षा चालवायची, शाळेची पोरं गोळा करायची, लाल सिग्नल लागला की थांबायचं. अडचण मशीनची होती. शाळेत अर्धे कॉम्प्युटर कोणीतरी वापरून दान दिलेले, जुने, डॉसवाले. अर्धे पालकांनी वर्गणी काढून आणलेले, नवे, विंडोजवाले. तिथल्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांची अट एकच: "गेम दोन्हींवर सारखा दिसला पाहिजे. जुन्यावर बसलेलं पोर रडता कामा नये."

जुन्या मशीनवर पडद्यावरच्या ठिपक्याला थेट जाऊन रंगवता यायचं. नव्यावर तसं नाही. तिथे आधी रीतसर परवानगी मागायची, सरकारी कचेरीत मागतात तशी. म्हणजे एकच गेम दोनदा लिहावा लागणार. त्यातून आम्हाला वाचवलं एका ग्राफिक्स लायब्ररीने, म्हणजे चित्रं काढायच्या आयत्या प्रोग्रामने. साहेबांच्या ओळखीतल्या कोणी तरी परदेशातून फ्लॉप्यांवर पाठवली होती. कोणी लिहिली देव जाणे, पण लिहिणाऱ्याचं डोकं चांगलं होतं. आपण फक्त सांगायचं, इथे गोल काढ, त्यात तीन नंबरचा रंग भर. खाली मशीन कुठलं आहे, त्याच्याशी कसं बोलायचं, ते लायब्ररी बघणार. रंगांची एक साधी फाईल होती. एका ओळीत एक रंग आणि त्याचे तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती.

मॅडमनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे बघ, ही लायब्ररी म्हणजे खाष्ट सासू समज. परस्पर काही करायचं नाही. सगळं तिला सांगून करायचं. परस्पर केलंस की मग निस्तरत बसावं लागतं."

मी सगळं तिला सांगूनच केलं. रिक्षा, रस्ता, झेब्रा क्रॉसिंग, सिग्नल, पोरांच्या निळ्या चड्ड्या, सगळं.

फक्त एक गोष्ट होती. आमच्या ऑफिसात कलर मॉनिटर एकच. तो साहेबांच्या केबिनमध्ये, एसीत, वर प्लास्टिकचं कव्हर. आत जायचं तर चपला बाहेर काढायच्या. तो जुन्या डॉसच्या मशीनला जोडलेला, आणि त्यावर आमचा गेम झकास दिसायचा. नवं विंडोजचं मशीन माझ्या टेबलावर आलं तेव्हा साहेबांनी त्याला पडून असलेला ब्लॅक अँड व्हाइट मॉनिटर लावला.

"साहेब, रंग कसे बघायचे?" मी विचारलं.

"रंग काय बघायचेत? नंबरच तर आहेत. तिकडे बरोबर ते इकडे बरोबर."

आता त्या मॉनिटरवर लाल आणि निळा दोन्ही सारखेच काळपट दिसायचे. सिग्नल लाल झाला हे मला कळायचं ते वरचा दिवा लागला म्हणून. मी करड्या रिक्षा करड्या रस्त्यावरून चालवल्या, थांबवल्या, आणि काम झालं असं म्हटलं. मॅडमनीही बघितलं, त्यांनीही तेच म्हटलं.

साहेब म्हणाले, "दसऱ्याला शाळेत नव्या लॅबची पूजा आहे. तेव्हा दाखवू. ते पार पडलं की तुझं पक्कं करतो."

म्हणजे दोन्हीकडचा दसरा एकच. गेम चालला तर ठाणं, नाही तर बाबांचं गेट.

दसऱ्याला सकाळी फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात घालून मी शाळेत पोचले. डबा मॅडमच्या हुकमावरून. रिक्षातल्या स्पीकरने फ्लॉप्या पुसल्या जातात अशी त्यांची पक्की समजूत होती. लॅबच्या दाराला झेंडूचं तोरण, बाहेर चपलांचा ढीग. आत टेबलावर पाट्यांवर सरस्वती काढलेल्या. एक शिक्षिका प्रत्येक मॉनिटरला हळदकुंकू वाहत चालली होती. मुलं भिंतीला टेकून ओळीत उभी, आणि सगळ्यांचे डोळे माझ्या डब्यावर. त्यांना वाटलं आत पेढे आहेत.

आधी जुन्या मशीनवर सुरू केलं. पिवळ्या हुडाची रिक्षा आली, लाल सिग्नल लागला, रिक्षा थांबली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या बाईंनी मान डोलावली. मग नव्यावर सुरू केलं.

रिक्षाचं हूड आकाशी होतं. शाळेच्या पोरांच्या चड्ड्या लालभडक. आणि सिग्नल लागला तो निळा.

कोणी टाळी वाजवली नाही. साहेब पुढे झाले, मॉनिटरच्या कुशीत एक चापट मारली आणि म्हणाले, "केबल ढिली असणार." केबल आवळली. निळाच. शेजारचं नवं मशीन लावलं. तिथेही निळा. साहेब म्हणाले, "मॉनिटरच्या अख्ख्या लॉटमध्ये काहीतरी गडबड दिसते."

मोठ्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "आमच्या डोंबिवलीत सिग्नल नाहीत हे मला मान्य आहे. पण सिग्नल निळा नसतो एवढं मलाही ठाऊक आहे."

साहेब गरजेपेक्षा मोठ्याने हसले.  आई काय म्हणेल ते मला ऐकूसुद्धा येत होतं. आणि खरं सांगायचं तर बाबांच्या कंपनीच्या गेटावर नेहमी येणारा रंगाचा आंबट वास तिथे झेंडूच्या वासात मला आला.

मॉनिटरवर वाहिलेलं कुंकू ओलं होतं. त्याचा एक ओघळ काचेवर उतरला होता, निळ्या सिग्नलच्या अगदी शेजारी. कुंकू लालच दिसत होतं. म्हणजे माझे डोळे ठीक होते. मी जुन्या मशीनकडे बघितलं, मग नव्याकडे. झेब्रा इथेही पांढरा, तिथेही पांढरा. रस्ता काळाच. झाडं हिरवी ती हिरवीच. मॉनिटर बिघडला असता तर सगळंच बिघडलं असतं. लाल होतं ते निळं झालं होतं आणि चड्ड्या निळ्या होत्या त्या लाल. आणि हूड? पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा. त्यातला लाल काढून निळा घातला तर आकाशी होतो. हे मी फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला स्वतः करून बघितलेलं.

मी मॅडमच्या कानाशी गेले. "लाल-निळ्याची अदलाबदल झालीय. हे मशीन तीन आकडे उलटे वाचतंय. निळा आधी, लाल शेवटी. लायब्ररीने ते फिरवून द्यायला हवे होते, ते दिलेले नाहीत."

"अगं, पण प्रोग्राम परत बनवायला इथे कंपायलर कुठाय?"

"नकोच आहे. रंगांची फाईल साधी आहे. त्यातलेच आकडे फिरवते."

मॅडम वळल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बाई, पाटीपूजन राहिलंय ना? आधी ते उरकून घेऊ. मग मुलांच्याच हस्ते गेम सुरू करू."

मोठ्या बाई काही कच्च्या नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं. "किती वेळाचं पूजन करू?"

"आरती जरा मोठी घ्या," मॅडम म्हणाल्या.

आरती सुरू झाली. मी फाईल उघडली. पहिला आकडा शेवटी, शेवटचा आधी, मधला जागच्या जागी. पुढची ओळ. बोटांना हळद लागली होती, ती की-बोर्डला लागत होती. भिंतीकडची पोरं टाळ्या वाजवत होती आणि मान वळवून माझ्याकडेच बघत होती. साहेबही टाळ्या वाजवत होते, पण त्यांचा ताल केव्हाच चुकला होता. मोठ्या बाई संपत आलेलं कडवं परत पहिल्यापासून धरायच्या. असं त्यांनी किती वेळा केलं मला माहीत नाही, पण देवीलाही त्या दिवशी कंटाळा आला असेल. फाईल फ्लॉपीवर घेऊन मी बाकीच्या नव्या मशीनवर टाकली. जुन्यांना हात लावला नाही.

कापराचं ताट माझ्यापर्यंत आलं तेव्हा मी डाव्या हाताने आरती घेतली आणि उजव्याने एंटर मारला.

हूड पिवळं. चड्ड्या निळ्या. सिग्नल लाल.

मोठ्या बाई वाकल्या. काचेवरच्या ओघळाजवळ बोट नेलं, मग सिग्नलजवळ. "हं. आता कुंकवासारखा झाला." मग माझ्याकडे वळून, "कुठली गं तू?"

"इथलीच. मानपाड्याची."

"मग आमचीच की," म्हणाल्या, आणि पोरांना म्हणाल्या, "बसा रे एकेक जण. ढकलाढकली केलीत तर लाल सिग्नल मी दाखवीन."

मी मागच्या बाकावर जाऊन बसले.  मला एकदम भूक लागली.

परतताना शाळेच्या फाटकाशी साहेब म्हणाले, "एक कलर मॉनिटर अजून घ्यायला हवा."

"आणि हिचं?" मॅडमनी विचारलं.

"करतो म्हटलं ना."

"साहेब, आज सोनं द्यायचा दिवस आहे. उद्यावर कशाला?"

साहेबांनी एकदा मॅडमकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं आणि हात वर केले. "बरं बाई, आजपासून पक्की. झालं? मॉनिटरही हिच्याच टेबलावर ठेवा."

शाळेत मी केलं ते ठिगळच होतं. पुढच्या आठवड्यात ते काम नीट केलं. लायब्ररीच्या विंडोजच्या भागात, रंग वाचला जातो तिथे एका जागी, क्रम फिरवला. गेमला हातच लावावा लागला नाही. सगळं तिला सांगून केलं होतं त्याचा हा फायदा. मॅडम नुसतं म्हणाल्या, "सासूचं औषधपाणी झालं म्हणायचं."

दसऱ्याला संध्याकाळी घरी आले तर बाबा चांगला शर्ट घालून बसलेले. त्यांच्याकडेही सकाळी मशीनची पूजा झाली होती. नखांच्या कडा निळ्या. मी सगळं सांगितलं. आकाशी हुडाला ते खो-खो हसले, मग म्हणाले, "आमच्यात रंग चुकला तर अख्खी बॅच जाते बाय. तुझं बरं, आकडे इकडचे तिकडे केलेस की झालं."

"पक्की झाले बाबा."

 आई म्हणाली, "आता रोज ठाणं." पण म्हणतानाच तिने साखरेचा डबा काढला.

"मॅनेजर आज पूजेला विचारत होता," बाबा म्हणाले. "संध्याकाळी सांगतो म्हटलं. अजून तिथेच असेल, पूजेचे पाहुणे आहेत. चल येतेस? सोनं देऊन येऊ."

आम्ही चालत गेलो. गेटाला केळीचे खुंट बांधले होते. बाबा आपट्याची पानं घेऊन आत गेले. मी बाहेर थांबले, बाहेरच थांबायचं होतं मला. तो आंबट वास येत होता, पण आता तो नुसता वास होता. गेटाशेजारून नाला वाहत होता, त्याचं पाणी निळं होतं. त्या आठवड्यात निळीच बॅच चालू होती, तेव्हा रंग बरोबर होता.

बाबा बाहेर आले. हातात पेढ्यांचा पुडा.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मुलीला द्या." त्यांनी पुडा माझ्या हातात ठेवला. "चल. तुझी आई वाट बघत असेल."