श्रावणासाठी तयार केलेली घोडी

घोडीवर बसणं मला नवं नव्हतं. लहानपणापासून शेतावर ये-जा तिच्यावरच होती. पण बसणं वेगळं आणि पळवणं वेगळं, हे पहिलं मूल गेल्यावर कळलं. पहिलटकरीण म्हणून बायको माहेरी गेली होती. नर्सबाईंची बैलबंडी भर पावसात काळ्या मातीत रुतून वाटेतच बसली. मूल गेलं, बायको कशीबशी वाचली. पुन्हा दिवस राहिले तेव्हा बाळंतपण आमच्याच घरी, श्रावणात येत होतं. श्रावणात आमच्या मानोऱ्याकडच्या वाटा बंद, चिखलातून जाईल ती फक्त घोडी.

मग मी स्वतःलाच कामं नेमून दिली. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, नाल्याची दरड उतरताना खोगिराला हात लावायचा नाही. मिरगाचा पाऊस लागायच्या आत, गुरं रानात जायच्या वेळी निघून न्याहारीला तालुक्याच्या दवाखान्यात पोचायचं. मांड्या सोलून निघाल्या, तोंडावरही आपटलो. लोक विचारायचे, यंदा शंकरपटाच्या शर्यतीत बैलांऐवजी घोडी जुंपतो काय. मला हसू येत नव्हतं. घोडीही अशी तयार झाली की घराकडे तोंड केलं की आवरेना. आई, सासरे, सगळ्यांना कौतुक. बायको मात्र ओट्यावरून नुसती पाहायची. एकदा म्हणाली, "तुमी इतकं पळवून राह्यले, मले भ्याव वाटते."

"तुह्यासाठीच तर पळवून राह्यलो," मी म्हटलं. ती उठून आत गेली. तिचं ते उठून जाणं मला आवडलं नाही.

श्रावणात पावसाची झड लागली होती. एका सकाळी चूल पेटवताना तिला कळा सुरू झाल्या. मी निघालो. नाल्याचं पाणी घोडीच्या छातीला लागलं, तरी ती थांबली नाही. ठरवलं होतं त्याहून लवकर मी दवाखान्यात हजर झालो.

नर्सबाई पेटी घेऊन लगेच बाहेर आल्या आणि गाडी कुठे आहे म्हणून त्यांनी विचारलं. मी घोडी दाखवली. त्यांनी पेटी खाली ठेवली.

"मी जन्मात घोड्यावर बसलेली नाही. तुम्ही मला नेणार तरी कसं होतात?"

चैत्रापासून माझ्या, घरच्यांच्या, गावातल्या कोणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं. सगळ्यांनी माझ्या जाण्याचाच विचार केला होता.

बाई धीराच्या. त्या चढल्या, मी लगाम धरला. घराची वाट दिसताच घोडीनं लगाम हिसकून धाव घेतली आणि बाई चिखलात पडल्या. मी घोडी धरून आणली, बाई पुन्हा चढल्या, पुन्हा तेच. शेवटी पेटी खोगिराला बांधून आम्ही दोघं पायी निघालो. नाल्यावर पाणी उतरायची वाट पाहत बसावं लागलं. मला घोडीचा राग येत होता, माझा येत होता, आणि उन्हाळाभर कौतुक करणाऱ्या प्रत्येकाचा येत होता.

दिवेलागणीला पोचलो. अंगणात बायका बसल्या होत्या. मला पाहून कोणी उठलं नाही.

मुलगी जगली होती. आईनं नंतर सांगितलं, जायच्या आधी, शुद्धीत होती तोवर बायको एकच बोलत होती, "ते पोचले असतीन आता. ते येळेवर पोचतेच."

आणि मी पोचलो होतो.