सिल्वानीबाईंचा जांभळा

सिल्वानी कुर्तादों नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. मादाम विर्लुव्हेंच्या कारखान्यात आम्ही रंगारणी फॅशनच्या मासिकांची चित्रं हाताने रंगवायचो. छापलेल्या रेघांवर कापलेला पत्र्याचा साचा ठेवायचा, आखूड गोल कुंचल्याने त्यातून रंग थोपटायचा, साचा उचलायचा आणि कागद शेजारणीकडे सरकवायचा. प्रत्येकीकडे एकच रंग. मुख्य पोशाखाचा रंग कायम सिल्वानीबाईंकडे असे, कारण झग्याच्या चुणीवर त्यांचा कुंचला असा हलका व्हायचा की रेशीम आत्ता हललं असं वाटे. कागद पोचवणारा गाडीवाला एकदा म्हणाला, "शिंप्याच्या जाहिराती या, यात कसली आलीय कला?"

"तुझ्या बायकोला विचार," बाई म्हणाल्या. "भिंतीवर तिने तुझा फोटो लावलाय की आमचं चित्र?"

गाडीवाल्याने गठ्ठा उतरवला आणि गाडी हाकली. त्याच्या घरी आमचंच चित्र लावलेलं होतं.

मी त्यांच्या शेजारी बसायचे. त्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी टेबलाखाली माझं मनगट धरलं. बोटं बर्फासारखी गार होती.

"ओनोरीन, ही वाटी निळीच ना?"

"चष्मा विसरलात का?"

"चेष्टा नको. निळी ना?"

दुपारी जेवताना त्यांनी सांगून टाकलं. सगळं जग कांद्याच्या पिवळट रश्शातून बघितल्यासारखं दिसत होतं. निळा आणि जांभळा तर एकच झाले होते. "कोणाजवळ बोललीस तर बघ," त्या म्हणाल्या. डोळे गेलेली रंगारीण बाहेर, हा आमच्याकडचा रिवाज, आणि घरी त्यांची बहीण अंथरुणाला खिळलेली. मग आम्ही खूण ठरवली. माझ्या गुडघ्याची एक ढोसणी म्हणजे निळा, दोन म्हणजे जांभळा. रोज सकाळी वाट्या मांडल्या जात, बाई एकेका वाटीवर बोट ठेवत आणि मी इकडेतिकडे बघत गुडघा लावायचे, जसं काही मीच चोरी करतेय.

नव्या चित्राचा पहिला कागद चित्रकारासमोर रंगवायचा, त्याने सही केली की बाकीच्या सगळ्या प्रती हुबेहूब तशाच करायच्या, हा आमच्या धंद्याचा नियम. चित्रकार मस्यू लारोंद नाटकाला निघालेल्या एका बाईचं चित्र घेऊन आले. तिचा लांब झगा गडद निळा हवा होता. नेमकं त्याच वेळी मादामनी मला साचे धुवायला आत पाठवलं. मी धावत परत आले तर झगा जांभळा झालेला.

मस्यू कागद उजेडात धरून उभे होते.

"मी निळा सांगितला होता," ते म्हणाले. त्यांनी कागद आमच्याकडे वळवला. "पण हे बघा ना! ही तर संध्याकाळ अंगावर घेऊन निघाली आहे! मादाम, तुमची बाई माझ्यापेक्षा शहाणी आहे."

त्यांनी सही केली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सिल्वानीबाई हसल्या, पण त्यांची नजर मला शोधत होती.

"आता हाच रंग पुन्हा कालवा," मादाम म्हणाल्या. "सगळ्या प्रतींना पुरला पाहिजे."

मस्यू आमच्या दोघींच्या मधे येऊन वाकले. मला गुडघा लावायला जागाच उरली नाही. आणि गुडघ्याने सांगणार तरी काय, लाल किती आणि निळा किती? बाईंनी रंग कालवले, कोऱ्या कागदावर दोन पट्टे ओढले.

"यातला कोणता?" मस्यूंनी विचारलं.

बाई खूप वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी बोट ठेवलं ते चिखलासारख्या तपकिरी पट्ट्यावर.

मस्यू खो खो हसले. "काय पण गंमत करता, बाई!"

दुसरं कोणीच हसलं नाही. मादामनी सही केलेला कागद उचलून बाईंपुढे धरला.

"सिल्वानी, हिच्या केसांतलं पीस कोणत्या रंगाचं आहे?"

"तुम्हीच सांगा, मादाम. मला आता कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही."

"कधीपासून?"

"तुम्ही माझ्या कामाला छान छान म्हणत होतात ना, तेव्हापासूनच."

मादाम वाईट नव्हत्या. डोळे पुसत त्यांनी बाईंना कोट घालायला मदत केली, दारापर्यंत सोडायला गेल्या. पण थांबा म्हणाल्या नाहीत. जांभळा शेवटी मी कालवला आणि बाईंच्या खुर्चीवर बसून मीच लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात रंगाच्या वाट्यांना कोणी हात लावेना. एकेक जण आली, सही केलेला कागद घेऊन खिडकीशी गेली, आधी एक डोळा हाताने झाकून बघितला, मग दुसरा, आणि जागेवर बसली. माझी पाळी आली. उजव्या डोळ्याने झगा जांभळा दिसला. डाव्यानेही जांभळाच दिसला, फक्त किंचित मळका.

मी कागद पुढचीच्या हातात दिला आणि म्हणाले, "छान उजेड आहे आज."