माइकवर बोललेलं एक वाक्य

आता जे लिहितोय ते माझ्या तोंडून ऐकलेला माणूस जगात एकही नाही. आईला सांगता आलं असतं. तिनं ऐकून घेतलं असतं, डोळ्यांना पदर लावला असता. पण ती गेली आणि मी गप्पच राहिलो. लग्न केलं नाही, त्यामुळे बायकोपासून लपवलं असंही म्हणता येत नाही. मित्र होते, पण त्यांच्यासमोर तर मी या गोष्टीची चांगली बाजूच तेवढी मिरवली. म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही, आणि सांगून झालं की मला तुमच्या चेहऱ्याकडे बघावं लागणार नाही — बघा, सुरुवातच कशी पळपुटी!

मी हिंगण्याच्या एका कारखान्यात, ऑफिसात होतो. टायपिंग, पत्रव्यवहार, कामगारांच्या रजा, असली कामं. सकाळी महाल भागातल्या घरून कंपनीच्या बसनं जायचं, संध्याकाळी त्याच बसनं परत. माझं खरं जगणं सुरू व्हायचं ते बसमधून उतरल्यावर. आम्ही काही जणांनी एक फिल्म सोसायटी काढली होती. वकिलातींकडून परदेशी सिनेमांची रिळं पत्र्याच्या डब्यांतून, रेल्वे पार्सलनं यायची. बऱ्याच सिनेमांत खाली इंग्रजी अक्षरं नसायची. सोबत संवादांचा टाइप केलेला इंग्रजी गठ्ठा तेवढा यायचा. मग आमच्याकडे एक पद्धत पडून गेली. पडद्याच्या डाव्या अंगाला लहान टेबल, टेबलावर लाल कागद गुंडाळलेला टॉर्च, आणि माइकवर एक माणूस. पडद्यावर कुणी बोललं की त्यानं ते लगोलग मराठीत सांगायचं.

तो माणूस मी. म्हातारा, सासू, पोलीस, प्रेमात पडलेली पोरगी — सगळी माझ्याच तोंडून बोलायची. आवाज बरा होता म्हणे. पण खरं सांगू? त्या अंधारात माझ्याकडे कुणी बघत नसे. सगळा हॉल पडद्याकडे बघायचा आणि माझं ऐकायचा. त्या एकटेपणाची मला चटक लागली होती. मी म्हणेन तेच ती माणसं म्हणाली, असं होतं तिथं. ताडून बघणारं कुणी नव्हतं.

आणीबाणी उठून एखाद वर्ष झालं असेल. आम्ही पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवायचं ठरवलं. रामदासपेठेतला एक हॉल, तीन दिवस, निरनिराळ्या देशांचे सिनेमे. दारावर कापडी फलक लावला होता : 'जगाच्या कथा, बदलासाठी'. ते शब्द माझे. कामगारांसाठी रविवारी दुपारी एक खेळ फुकट ठेवायचा, हेही मीच सुचवलं होतं. कंपनीकडून त्यासाठी बस मिळवली. सोसायटीत माझं फार कौतुक झालं.

आता पंचफुलाबाईंचं सांगतो. त्यांच्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्यांचा नवरा, सुखदेव, आमच्या कारखान्यात यारीवर होता. यारी म्हणजे जड माल उचलायची क्रेन. तिची साखळी तुटली आणि माल त्याच्या अंगावर आला. जागच्या जागी गेला. ती साखळी घासलीय हे सुखदेवनं दोनदा येऊन सांगितलं होतं. माझ्याच टेबलासमोर उभं राहून सांगितलं होतं, कारण मॅनेजरसाहेबांपर्यंत जायची वाट माझ्या टेबलावरून जायची. मी साहेबांच्या कानावर घातलं. साहेब म्हणाले, बघू. आणि तो गेल्यावर एक कागद तयार झाला : मयताच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळे अपघात झाला, कंपनीकडून जे मिळतंय ते मला मान्य आहे, माझी तक्रार नाही. तो कागद इंग्रजीत होता. तो मीच टाइप केला होता.

पंचफुलाबाई तो कागद घेऊन माझ्याकडेच आल्या. पांढरं लुगडं, हातात कापडी पिशवी. "भाऊ, मले इंग्रजी येत नाही. काय लिवलं हाये, वाचून सांगा जी."

मी वाचून सांगितलं. त्या वेळी खरं सांगितलं, एक शब्द बदलला नाही.

त्यांनी कागद परत घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाल्या, "ते तर घरी येऊन म्हणत, साखळी घासून राहिली, कोन्या दिवशी कोनाचा तरी जीव जाते. अन् चूक त्याहीचीच? माह्या दिराचं म्हणणं, सही करून टाक. तिकडं यारीवरचे गडी म्हणतात, थांब वहिनी, आम्ही साक्ष देतो. तुम्ही सांगा भाऊ. सही करू का नको करू?"

काय कठीण होतं हो त्यात? 'नका करू' — एवढे दोन शब्द. पण पार्टिशनपलीकडे साहेब बसलेले. मी म्हटलं, "वहिनी, रविवारी आमचा सिनेमा आहे. बस येईल घ्यायला. तो बघा, मग ठरवा."

तुम्हाला हे विचित्र वाटेल. पण त्याच सकाळी मी रविवारच्या सिनेमाचा संवादांचा गठ्ठा वाचून संपवला होता. कुठल्याशा थंड देशातलं कोळशाच्या खाणीचं गाव. एका बाईचा नवरा खाणीत दडपून मेलेला. खाणवाले तिच्यापुढे कागद ठेवतात. ती लेखणी उचलते, लिहायला लागते. पडद्यावर कागद दिसत नाही, नुसता तिचा चेहरा. मग ती कागद परत सरकवते आणि कारकुनाला एवढंच म्हणते, 'मी सही केलेली नाही. काय घडलं ते लिहिलंय. वाचा.' आणि घराकडे चालू लागते. रस्त्यानं लोक दारांत येऊन उभे राहतात, पुरुष टोप्या काढतात. संपलं. पुढे संवादच नाहीत.

मला वाटलं, जे मी सांगू शकत नाही ते ही बाई सांगेल. माझ्या आवाजात, पण माझ्यावर काही न येता. याला मी तेव्हा युक्ती म्हणत होतो. स्वतःवर खूशही होतो.

रविवारी बस भरून आली. बायका, पोरं, डबे. पंचफुलाबाई जावेसोबत मधल्या रांगेत बसल्या. मी टेबलाशी टॉर्च लावत होतो, तेवढ्यात दार उघडलं आणि मॅनेजरसाहेब आत आले, बायकोला घेऊन. येणार असं काही ठरलेलं नव्हतं. लोक उठून उभे राहिले. त्यांना पहिल्या रांगेत, माझ्यापासून हातभर अंतरावर बसवलं. ते माझ्याकडे बघून हसले. "काय हो, आज म्हणे तुमच्या तोंडून परदेशी बाया बोलणार! जपून बरं. आमची मंडळी भोळी आहेत."

बस, एवढंच. त्यांनी सिनेमा पाहिलेला नव्हता. त्यात काय आहे हे त्यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. ती गंमतच होती. मी हजार वेळा ते वाक्य उलटसुलट करून पाहिलंय, त्यात धमकी सापडते का म्हणून. सापडत नाही. सापडली असती तर बरं झालं असतं.

सिनेमा सुरू झाला. मी बोलत होतो आणि लोक ऐकत होते. खाणीच्या भोंग्याला पोरं दचकली. नवऱ्याचं प्रेत वर आणलं तेव्हा मागून कुणाचा तरी हुंदका आला. तो कुणाचा हे बघायला मी मान वळवली नाही. मग ते ऑफिस आलं, तो कागद आला. बाईनं लेखणी उचलली. लिहीत राहिली. पडद्याच्या उजेडात मला साहेबांचा जोडा दिसत होता, तो हलायचा थांबला होता.

बाई बोलली. मी माइकवर म्हटलं —

"घ्या. केली सही. आता माझ्या लेकरांकडे बघा."

संवादांच्या कागदावर पेन्सिलीनं मी त्या जागी जे मराठी वाक्य लिहून ठेवलं होतं, ते टॉर्चच्या लाल उजेडात माझ्या डोळ्यांसमोर होतं. ते वाचूनसुद्धा मी दुसरं बोललो. चुकून नाही. घाबरून, पण शुद्धीत. आणि सगळ्यात वाईट काय, सांगू? वाक्य छान जमलं. आवाजात कंप आला होता. पडद्यावर लोकांनी टोप्या काढल्या आणि हॉलमध्ये बायका रडायला लागल्या.

दिवे लागल्यावर साहेबांनी माझी पाठ थोपटली. "वा. चांगला विषय."

बाहेर बसपाशी बायकांची गर्दी होती. पंचफुलाबाईंची जाऊ म्हणत होती, "पाय वं, तिनं बी केलीच सही. तिकडल्या गोऱ्या बाईले जमलं नाही, तं आपली काय कथा? अन् तू काहून आडून बसली?"  मला पाहिलं तशा पंचफुलाबाई पुढं आल्या. "बरं झालं भाऊ, तुम्ही बोलावलं. मले वाटे का मीच एकटी भित्री आहो."

मी काय केलं? मान हलवली. तेव्हाही वेळ होती. बस सुटायची होती. त्यांना चार पावलं बाजूला घेऊन खरं सांगता आलं असतं. मी बसच्या दारापर्यंत त्यांना पोचवायला गेलो आणि 'सांभाळून जा' म्हणालो.

सोमवारी त्यांनी सही केली. माझ्या टेबलावर. कुठं करायची ते मीच बोट ठेवून दाखवलं. साक्ष देणार म्हणणारे यारीवरचे गडी मग गप्प झाले. बाईचीच तक्रार नाही म्हटल्यावर ते कोणासाठी बोलणार? यारीला नवी साखळी आली. ती आणताना कुणी सुखदेवचं नाव काढलं नाही.

महोत्सव गाजला. पुढेही एक-दोनदा भरवला. मी माइकवर उभा राहायचो, पण प्रत्येक वाक्यापाशी अडखळायला लागलो. खरं सांगतोय की नाही, हे मलाच कळेना. घसा बसतो असं सांगून मी ते काम सोडलं. मग सोसायटीही सोडली. मित्र काही दिवस घरी येत राहिले, नंतर येईनासे झाले. मी त्यांना दोष देत नाही. मीच दार उघडायला वेळ लावायचो. आता सुटीच्या दिवशी कुणाशी एक शब्दही न बोलता संध्याकाळ होते. बोलायचं म्हटलं की पहिलं हेच ओठांवर येतं, आणि हे तर सांगायचं नसतं.

गेल्या हिवाळ्यात महालात सायकलच्या दुकानात एक तरुण भेटला. त्यानंच ओळख दिली. "काका, तुम्ही बाबाच्या कंपनीतले न?" सुखदेवचा मुलगा. आता तोही हिंगण्यालाच लागलाय, दुसऱ्या कारखान्यात. मी विचारलं, काम कसं आहे. म्हणाला, "चांगलं हाये. माय रोज निघताना एकच सांगते, ध्यान देऊन काम करजो. बापानं ध्यान दिलं नाही अन् जीव गमावला, तू तसा करू नको." हे तो हसत हसत सांगत होता. आईनं सही केलेलं तेच त्या घरात खरं होऊन बसलं होतं, आणि बापाच्या चुकीची त्याला सवय झाली होती. घरातल्या जुन्या खुर्चीची होते तशी.

मी पंक्चर काढून घेतलं आणि सायकलवर बसलो. 

भीती होती, नोकरी होती, वय होतं, हे सगळं मला ठाऊक आहे. त्यातलं काहीही मी इथं बाजू म्हणून मांडत नाही. मला भोगायला काहीच लागलं नाही. नोकरी राहिली, बढतीही मिळाली.

पंचफुलाबाई अजून आहेत. इंदोऱ्यात, सुखदेव असतानाच्याच घरी राहतात. सायकलनं जाण्यासारखं आहे. सिनेमातल्या बाईनं सही केली नव्हती, हे मी त्यांना सांगायचं आहे. साखळी घासलीय हे सुखदेवनं मला दोनदा सांगितलं होतं, आणि चूक त्याची नव्हती, हे त्याच्या मुलाला सांगायचं आहे. दोघांनाही मी अजून सांगितलेलं नाही.