‘दृष्टी आली नाही’ असंही लिहिणारा वैद्य

आईच्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला तेव्हा मी नेमकी मोतीबिंदूवरचीच जुनी कागदपत्रं वाचत होते. हा योगायोग मला सुरुवातीला मुळीच आवडला नाही.

गिरगावातल्या एका जुन्या ग्रंथसंग्रहालयात मी हस्तलिखितांच्या विभागात काम करते. मोडीतले कागद वाचायचे, ते बाळबोध अक्षरांत उतरवायचे, वाळवी लागली असेल तर वेळीच ओरडायचं, एवढंच ते काम. विज्ञानाच्या इतिहासावर काम करणाऱ्या एका प्राध्यापिकेने त्या वर्षी लाल फडक्यात बांधलेला एक गठ्ठा उतरवून मागितला होता. पेशवाईच्या शेवटच्या काळातल्या, घाटावरच्या एका वैद्याचे ते सुटे कागद होते. तो डोळ्यांवर उपचार करायचा. सळईने डोळ्यातलं पिकलेलं पटल बाजूला ढकलायचा आणि मग रोग्यापुढे बोटं धरायचा, रंगीत दोरे धरायचा, काय दिसतं ते विचारायचा. ते सगळं तो रोग्यागणिक लिहून ठेवी. कागदांच्या कडेला डोळ्यांची चित्रंही होती.

प्राध्यापिकेला ती चित्रं आणि सळयांची वर्णनं हवी होती. मला रोगी वाचायला जास्त आवडायचे. कोण कुठल्या गावचं, कुणाला कोणी आणलं, कोण सळई बघून उठून पळालं.

आम्ही मायलेकी लालबागला राहतो. आई मूळची मालवणकडची, लग्न होऊन गिरणगावात आली आणि बोली तशीच ठेवून राहिली. हिंदमाताच्या कापडबाजारात जाऊन तिने हिरवी म्हणून निळी साडी आणली, तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. मग तांदळात खडे राहू लागले. टीव्हीवरची मालिका ती नुसती ऐकते, हेही लक्षात आलं.

"डॉक्टरकडे जाऊया," मी म्हटलं.

"माका सगळा दिसता. हय धूळच वाढली हा."

परळच्या इस्पितळात तपासणीपुरती आली, पण ऑपरेशनचं नाव काढताच चप्पल घालायला लागली. त्यानंतर दोन महिने आमच्यात तोच एक विषय होता. ती चिडायची, मी त्याहून जास्त चिडायचे.

एका रविवारी मी उतरवलेली पानं घरी तपासत बसले होते. मोठ्याने वाचलं की चुका कळतात, म्हणून पुटपुटत होते. आई भाजी निवडत होती.

"काय वाचतंस गो?"

मी टाळलं. सळईचं वर्णन ऐकून ती उरलीसुरली हिंमतही घालवून बसेल, असं मला वाटलं. पण तिने सोडलं नाही, तेव्हा एका म्हाताऱ्या बाईची हकिगत वाचून दाखवली. नदीपलीकडच्या गावातून तिला मुलाने पाठीवर बसवून आणलं होतं. वैद्याने सळई चालवली, पट्टी बांधली. पट्टी सोडल्यावर बोटं धरली.

"मगे तिका दिसला?"

पुढची ओळ माझ्यासमोर होती. खोटं वाचावं असं क्षणभर मनात आलं.

"नाही," मी म्हटलं. "डोळा सुजला आणि दृष्टी आली नाही, असं लिहिलंय. सळई खोल गेली असावी, असंही लिहिलंय."

आईच्या हातातली भेंडी तशीच राहिली. "ता त्याने स्वतः लिवन ठेवल्यान?"

"हो."

"आपली चूक?"

"हो. अशा आणखीही आहेत."

तिने भेंडी ताटात ठेवली. मग तिने तिच्या थोरल्या बहिणीचं सांगितलं. गावच्या शाळेत भरलेल्या शिबिरात त्या मावशीचं ऑपरेशन झालं आणि डोळा गेला, एवढं मला माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. मावशी पुन्हा पुन्हा विचारायला गेली होती. काय झालं, कशाने झालं, कोणीच सांगितलं नाही. तुझं नशीब, असं म्हणून तिला परत पाठवलं.

"डोळो गेलो त्याचा तिका तितक्या वाटूक नाय," आई म्हणाली. "कोणी सांगलाच नाय, त्याचा वाटला."

मग म्हणाली, "आणखी वाच."

संध्याकाळपर्यंत मी वाचत होते. दिसलेलेही वाचले, न दिसलेलेही. तिने मात्र न दिसलेल्यांबद्दलच जास्त विचारलं.

पुढच्या आठवड्यात ती आपणहून परळला यायला निघाली. डॉक्टर तिशीतली मुलगी होती. तिने समजावायला सुरुवात केली, तर आईने तिला मध्येच थांबवलं.

"डॉक्टरीणबाय, ज्यांका दिसणा नाय, त्यांचा पण तुमी लिवन ठेवतास?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरला हसू आलं. पण आई हसत नाही हे पाहून तिनेही पेन खाली ठेवलं.

"ठेवतो, आजी. माझ्याच एका काकांच्या डोळ्याला जंतुसंसर्ग झाला होता. काका म्हणजे पेशंट. खूप प्रयत्न केले, नजर वाचली नाही. का झालं ते आम्ही सगळ्यांनी बसून शोधलं. म्हणून आता थेंब कसे घालायचे ते मी घरच्यांकडून करून घेते, नुसतं सांगत नाही."

"त्यांका सांगलास?"

"सांगितलं. फार कठीण गेलं."

आई माझ्याकडे वळली. "करूया तर."

ऑपरेशन नीट झालं. डोळ्याला काही दिवस पाणी येत होतं, तेव्हा मीच जास्त घाबरले. नंतर तेही थांबलं. दुसऱ्या डोळ्याचं मात्र ती अजून पुढे ढकलते आहे. आता कारण भीतीचं नाही, म्हणते, गणपती होऊन जाऊ देत.

प्राध्यापिकेला मी हे फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "न दिसलेले रोगी मी परिशिष्टात टाकणार होते." लेख निघाला तेव्हा सळया परिशिष्टात गेल्या होत्या.

थोड्या दिवसांनी आईला तो वैद्य बघायचा होता. म्हणजे त्याचे कागद. मी तिला टॅक्सीने गिरगावला नेलं. तिने हात धुतले, पानाला बोटही न लावता वाकून पाहिलं. मोडी तिला वाचता येत नाही. डोळ्यांची चित्रं एकेक करून निरखली.

"अक्षर काय बरा नाय त्याचा," ती म्हणाली. मग मान वर करून माझ्या टेबलाकडे, खिडकीकडे आणि छताकडे पाहिलं. आमचे सचिव तिथेच उभे होते. ती त्यांना म्हणाली, "ह्या असल्या उजेडात पोरींका वाचूक बसवतास?"

त्याच महिन्यात माझ्या टेबलावर नवीन दिवा बसला.