कोऱ्या बोटाची

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या बार्शीटाकळीत सगळ्या बायांच्या बोटाला शाई असायची. माझ्या बायकोचं बोट कोरं. गल्लीतल्या बाया तिला ‘कोऱ्या बोटाची’ म्हणत. ती हसायची आणि भाकरी थापत राहायची.

तिची सभा, म्हणजे प्रार्थनेला जमणारी मंडळी, दहा-बारा माणसांची. पाळक नाही, वेदी नाही. ते मत देत नसत, कर मात्र वेळेवर भरत. “आपला राजा वर हाय,” म्हणायचे. मी कॅथलिक. आमच्याकडे फादर निवडणुकीआधी बिशपांचं पत्र वाचतात: मत द्या, विचार करून द्या. पक्षाचं नाव घेत नाहीत. तिचा भाऊ टाळ्या वाजवणाऱ्या सभेत गेला. तिथं उमेदवारालाच पुढं बोलावून डोक्यावर हात ठेवतात. येशू एकच. मी चौथी शिकलेला, मला यातलं फार कळत नाही.

एकदा मी वॉर्डातून उभा राहिलो.

“तुयी सभा मले मत देईन तर मी निवडून आलोच,” मी म्हटलं.

“प्रार्थना करीन. मत नाई.”

“काहून? परका हाय का मी?”

मी तीन मतांनी पडलो. दोन महिने तिच्याशी बोललो नाही.

रोज संध्याकाळी सातला ती गुडघे टेकून राज्य चालवणाऱ्यांची नावं घ्यायची. दिल्लीपासून थेट आमच्या नळाला पाणी सोडणाऱ्यापर्यंत. त्यात मला पाडणाऱ्याचंही नाव आलं. मी ओरडलो.

“तो आता खुर्चीवर बसला,” ती म्हणाली. “त्याले जास्त गरज हाय.”

मी दरवेळी मत द्यायचो आणि नंतर पाच वर्षं शिव्या द्यायचो. ती म्हणायची, “शाई तुमच्या बोटाले, अन् काम माह्या गुडघ्याले.”

ती नाताळाआधी गेली. मातीला मला पाडणाराही आला होता, मागं उभा होता. मी त्याला सांगितलं, “रोज तुमचं नाव घेत होती.”

“मले माईत नव्हतं,” तो म्हणाला. चप्पल काढून पुढं आला, मूठभर माती टाकली.

परवा मतदान झालं. यादीत तिचं नाव अजून आहे. तिथल्या बाईंनी विचारलं, “या नाही आल्या?” मी म्हटलं, “ती येत नसते.”

सातला मी खुर्चीवरच बसतो. गुडघे वाकत नाहीत. दिल्लीपासून सुरू करतो. मला पाडणाऱ्याचं नाव घेतो. पाणी सोडणाऱ्यापाशी थांबतो. त्याचं नाव मला माहीत नाही. तिला माहीत होतं.

उद्या नळ आला की विचारीन.