नरखेडवर वाढत गेलेला ढग

त्या दिवशी पहाटेचा फुगा मीच सोडला होता. नागपूरच्या वेधशाळेतलं ते माझं नेहमीचं काम. हायड्रोजन भरलेला पांढरा फुगा, खाली दोरीला एक हलकी पेटी. ती वर जाता जाता हवेचं तापमान आणि ओलावा कळवत राहते आणि संगणकावर दोन रेघा चढत जातात. मार्च संपत आला होता. रेघा पाहिल्या आणि मी खुर्ची पुढे ओढली.

खालच्या थरात दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून होत्या, म्हणजे हवा ओलीचिंब. त्यावर उबदार हवेचा पातळ थर, झाकणासारखा. झाकणाच्या वर कोरडी हवा, उंचीबरोबर झपाट्यानं गारठत गेलेली.

ऊन तापलं की जमिनीलगतची हवा हलकी होऊन वर निघते. वर जाताना ती थंड होते आणि एरवी भोवतालच्या हवेइतकी थंड झाली की थांबते. पण ती ओली असेल तर एका उंचीवर तिच्यातल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं आणि तसं होताना वाफ आपली ऊब सोडते. मग ती हवा सावकाश थंड होते. भोवताल गारठलेला, ही त्याहून उबदार, म्हणून चढतच राहते. थेंब गोठून गारा होतात, आणि वर जाणाऱ्या हवेचा जोर त्यांना खाली पडू न देता मोठं करत राहतो. त्या दिवशी हे सगळं तयार होतं. दुपारच्या उन्हानं झाकण फुटायचं तेवढं बाकी होतं.

गारपिटीचा इशारा सकाळीच गेला. मी वडिलांना फोन लावला. नरखेड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे आणि त्या दिवशी फळांचा तोडा होता.

"बाबा, आज दुपारी बगीच्यात राहू नका जी."

"काहून वं? आभाय तं कोरं हाय. ऊन पाय कसं पडून राहिलं."

"त्या उन्हाचंच तं भेव आहे."

ते हसले. "तोड्याले बाया आल्या. त्याहीले सोडून घरी कसा येऊ?"

"मग एवढं करा. वारा एकदम थंडा सुटला का सगळ्याहीले घेऊन बोअरच्या मोटारीच्या पक्क्या खोलीत जा. झाडाखाली नाही, टिनाखाली नाही."

"बरं बाई, जातो," ते म्हणाले. लहान मुलीची समजूत काढावी तसे.

दुपारी ड्यूटी संपली तरी मी घरी गेले नाही. पारा चढत होता. अंगावरचा घाम सुकत नव्हता. शेवटी गच्चीवर गेले. वायव्येला क्षितिजावर एक ढग उभा होता, फुलकोबीच्या गड्ड्यासारखा, लखलखीत पांढरा. मी बघत असतानाच तो वाढत होता. थोड्या वेळात त्याचा माथा वर कशाला तरी टेकल्यासारखा सपाट पसरला. नागपुरात कडक ऊन होतं, खाली रस्त्यावर कोणी मान वर करूनही बघत नव्हतं. मला मात्र त्या पांढऱ्या ढगाच्या पोटात काय चाललंय ते दिसत असल्यासारखं वाटत होतं.

रडारवर बसलेला सहकारी जिन्यातून ओरडला, "मॅडम, ढग नरखेडच्या डोक्यावर आहे!"

मी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला.

नवऱ्याला कळवलं, तसा तो घरून गाडी घेऊन आला. काटोलच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन होतं. मग सावली आली आणि उघड्या काचेतून एकदम गार वारा. मी नवऱ्याला गाडी आणखी जोरात घ्यायला सांगितलं. कारण असा वारा ढगातून खाली कोसळून आलेला असतो. नवरा म्हणाला, "काही झालं नसेल गं." मी पुन्हा बाबांचा फोन लावला.

काटोलच्या पुढे रस्ता पांढरा होता. गाडी घसरत होती. हवेत संत्र्याच्या चेचलेल्या पानांचा वास भरला होता.

बगीच्यात झाडांच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि गारांच्या थरात फळं रुतली होती. टिनाचं शेड जागेवर नव्हतं. त्याचा एक पत्रा कुंपणात अडकून वाकलेला दिसला. "बाबा!" मी ओरडले. कोणी ओ दिली नाही. पुन्हा ओरडले. तेव्हा मोटारीच्या खोलीतून बायकांचा गलका ऐकू आला. दारापुढे गारांचा ढीग साचला होता. आम्ही दोघांनी तो हातापायांनी ओढून बाजूला केला.

आत बाया एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. बाबा भिंतीला टेकलेले, चेहरा राखेसारखा, उजवा हात कुणाच्या तरी दुपट्ट्यात गुंडाळलेला. शेजारी बसलेल्या बाईनं त्यांचा दुसरा हात घट्ट धरून ठेवला होता.

"थंडा वारा आला तसाच आवाज देल्ला मी," बाबा म्हणाले. "सगळ्या आल्या, हे बाई एकटी विहिरीवर पाण्याले गेलती."

तिला आणायला ते डोक्यावर फळं भरायचं प्लास्टिकचं कॅरेट धरून पळाले होते. तिला त्याच कॅरेटखाली घेऊन परतताना कॅरेट धरलेल्या हाताच्या मनगटावर गार बसली. हाड मोडलं, तरी त्यांनी कॅरेट सोडलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात हाताला प्लास्टर झालं. बाबांचा डोळा लागला होता, तेवढ्यात बाहेर कुणीतरी पत्र्याची ट्रॉली ढकलत नेली. तिच्या खडखडाटानं ते दचकून उठले आणि चांगला हात डोक्यावर धरून बसले. माझ्या वडिलांना मी कधी कशाला भ्यालेलं पाहिलं नव्हतं.

"ट्रॉली आहे बाबा, दवाखान्यातली," मी म्हणाले.

त्यांनी हात खाली घेतला, पण नजर छताकडेच होती. "अजून हाय का वं वर?"

मी फोन करून रडारवरच्या सहकाऱ्याला विचारलं. ढग पूर्वेकडे जाऊन विरला होता. तसं सांगितलं तेव्हा ते आडवे झाले.

पावसाळ्यात झाडांना पालवी आली, पण त्या वर्षी पुढे फळ धरलंच नाही. हात बरा झाला, फक्त मूठ पुरती मिटत नाही. आता दमट हवेत ऊन तापलं की दुपारच्या आत बाबांचा फोन येतो, आणि मी काही सांगण्याआधी ते विचारतात, "बायाहीले घरी पाठवू का?"